अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत कोण काय बदलू शकतं? नव्या सिस्टिम अ‍ॅडमिनसाठी मार्गदर्शक

लातूर, जालना, नांदेड, परभणी, कुठंही जा. साखर कारखाना असो, हॉस्पिटल असो की इंजिनिअरिंग कॉलेज, चित्र साधारण एकच असतं. एक किंवा दोन डोमेन कंट्रोलर, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (युजर, कॉम्प्युटर आणि त्यांच्या हक्कांची विंडोजची मध्यवर्ती नोंद) चालवणारे सर्व्हर, शे-दीडशे कॉम्प्युटर आणि ते सगळं सांभाळणारा एकच माणूस. तुम्ही नुकतेच त्या खुर्चीवर बसला असाल तर आज एक काम करा. 'डोमेन अ‍ॅडमिन्स' हा ग्रुप उघडा आणि नावं वाचा. सोडून गेलेला इंजिनिअर, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बसवून गेलेला व्हेंडर, बॅकअपचं अकाउंट, 'टेस्ट' नावाचा कोणीतरी, यातलं एखादं नाव तिथं बहुतेक सापडेलच. यातला कोणीही तुमचा अख्खा डोमेन, म्हणजे या डिरेक्टरीखालचं सगळं नेटवर्क, दुपारच्या जेवणाच्या वेळेत बदलून टाकू शकतो.

मी हे काम मराठवाड्यातल्या निरनिराळ्या संस्थांमध्ये केलंय. सगळीकडे आढळलेला गैरसमज असा, की ऑब्जेक्टवर (डिरेक्टरीतला युजर, ग्रुप, कॉम्प्युटर असा कोणताही घटक) डिलीट होऊ नये म्हणून टिक लावली की तो सुरक्षित झाला. तसं नाही. बदल करायचा हक्क मोजक्या हातांत ठेवणं आणि झालेला प्रत्येक बदल दिसणं, या दोन गोष्टी जमल्या तरच डिरेक्टरी सांभाळली जाते. खालचा क्रम त्यासाठीच आहे. क्रम मोडू नका, विशेषतः दुसरी पायरी वगळून पुढं जाऊ नका.

हाताशी काय हवं

- साहेबांची लेखी परवानगी. कारखान्यात कार्यकारी संचालक, कॉलेजात प्राचार्य, हॉस्पिटलात प्रशासक. उद्या एखाद्याचा हक्क काढल्यावर तक्रार येणारच, तेव्हा हा कागद लागतो.
- तुमच्या कॉम्प्युटरवर 'आरसॅट' टूल्स, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची साधनं. विंडोज १० आणि ११ च्या प्रो किंवा एंटरप्राइझमध्ये 'ऑप्शनल फीचर्स'मधून येतात, होम आवृत्तीत येत नाहीत. रोज सर्व्हरवर लॉगिन करून काम करायची गरज नाही.
- डिरेक्टरी रिस्टोअर मोडचा (डिरेक्टरी दुरुस्त करताना किंवा बॅकअपमधून परत आणताना सर्व्हर ज्यात सुरू करतात त्याचा) पासवर्ड. डोमेन कंट्रोलर बनवताना तो घातलेला असतो आणि बहुधा कोणालाच आठवत नसतो. आठवत नसेल तर 'एनटीडीएस-युटिल' या कमांडमधून आजच नवा घाला आणि बंद पाकिटात तिजोरीत ठेवा.
- 'युजर्स अँड कॉम्प्युटर्स' या टूलच्या व्ह्यू मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स' चालू केलेलं. ते बंद असेल तर सिक्युरिटी आणि ऑब्जेक्ट हे टॅबच दिसत नाहीत, आणि नवा माणूस तिथंच अडकतो.
- एक साधी वही किंवा एक्सेल.

१. काय जपायचं ते आधी लिहून काढा

सगळंच महत्त्वाचं म्हटलं की काहीच जपलं जात नाही. यादीत डोमेनचा मूळ ऑब्जेक्ट, 'डोमेन कंट्रोलर्स' हा ओयू (ऑब्जेक्ट गटवार ठेवायचा डिरेक्टरीतला कप्पा), मोठ्या हक्कांचे ग्रुप आणि त्यांतले सदस्य, 'केआरबीटीजीटी' हे अकाउंट (विंडोज लॉगिनची तिकिटं बनवायला ते वापरतं), सिस्टिम कंटेनरमधला 'अ‍ॅडमिनएसडीहोल्डर', डोमेन कंट्रोलरवर लागू होणाऱ्या ग्रुप पॉलिसी (कॉम्प्युटर आणि युजरना एकदम लागू होणाऱ्या सेटिंग्ज) आणि सर्व्हिस अकाउंट (माणूस नव्हे, सॉफ्टवेअर वापरतं ती) एवढं हवंच.

त्यानंतर तुमच्या संस्थेचं खास. कारखान्यात वजनकाट्याच्या कॉम्प्युटरांचा ओयू आणि ऊसबिलाच्या फोल्डरला प्रवेश देणारा ग्रुप. हॉस्पिटलात बिलिंग आणि लॅब. कॉलेजात परीक्षा विभाग. नवखा माणूस हे ग्रुप विसरतो, कारण त्यांच्या नावात कुठंही 'अ‍ॅडमिन' नसतं. पण ऊसबिलाच्या ग्रुपमध्ये एक नाव गुपचूप घातलं गेलं तर नुकसान थेट शेतकऱ्याचं होतं, आणि कळायला महिने लागतात.

२. परत येण्याची वाट तयार ठेवा

डोमेन कंट्रोलरचा सिस्टिम स्टेट बॅकअप (डिरेक्टरीसकट) घ्या आणि त्याची एक प्रत डोमेनशी न जोडलेल्या डिस्कवर ठेवा. बॅकअप 'टूम्बस्टोन' मुदतीपेक्षा (डिलीट झालेल्या ऑब्जेक्टची खूण डिरेक्टरी जितके दिवस जपते ती मुदत) जुना असेल तर निरुपयोगी असतो. आजच्या बहुतेक डोमेनांत ही मुदत १८० दिवस आहे, फार जुन्या डोमेनांत ६० दिवसांची अजून आढळते.

मग अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा रिसायकल बिन चालू आहे का बघा. सर्व्हर २००८ आर२ पासून ही सोय आहे, पण ती आपोआप चालू होत नाही. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटर'मध्ये डोमेनच्या नावावर राइट क्लिक करून चालू करता येते. एकदा चालू केली की बंद करता येत नाही, आणि चालू करण्याआधी डिलीट झालेलं तिच्यात मिळत नाही. एक समजून घ्या: रिसायकल बिन फक्त डिलीट झालेलं परत आणतो. कोणी परवानग्या बदलल्या किंवा ग्रुपमध्ये नाव घातलं, तर तिथं त्याचा काही उपयोग नाही.

३. मोठे ग्रुप रिकामे करा

इथं सर्वांत जास्त वाद होतात आणि सर्वांत जास्त फायदाही इथंच आहे.

'स्कीमा अ‍ॅडमिन्स' रिकामा ठेवा. स्कीमात, म्हणजे डिरेक्टरीतल्या नोंदींच्या रचनेत, बदल वर्षानुवर्षं लागत नाहीत, लागेल तेव्हा तासाभरासाठी नाव घालायचं आणि काढायचं. 'एंटरप्राइझ अ‍ॅडमिन्स'चंही तसंच. 'अकाउंट ऑपरेटर्स', 'सर्व्हर ऑपरेटर्स', 'प्रिंट ऑपरेटर्स' ही नावं साधी वाटतात, म्हणून लोक हेल्पडेस्कच्या पोराला त्यात टाकतात. या तिन्ही ग्रुपना डोमेन कंट्रोलरवर बसून लॉगिन करता येतं. तेही रिकामे हवेत. 'डीएनएस अ‍ॅडमिन्स'कडे कोणाचं लक्ष जात नाही, पण त्याच्या सदस्याला डीएनएस (कॉम्प्युटरांची नावं पत्त्यांशी जोडणारी) सर्व्हिसमध्ये स्वतःची फाइल लोड करायला लावता येते आणि ती सर्व्हिस डोमेन कंट्रोलरवरच चालते. त्याला छोटा ग्रुप समजू नका.

आता व्हेंडर. हंगाम सुरू व्हायला आठ दिवस राहिलेले असतात, काट्याचं सॉफ्टवेअर चालत नाही आणि फोनवरून आवाज येतो, "सर, डोमेन अ‍ॅडमिन द्या, त्याशिवाय होणार नाही." बरेच जण देतात. देऊ नका. विचारा, "कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या फोल्डरला, कोणत्या डेटाबेसला हक्क हवा ते मेलवर लिहून द्या." जवळपास दरवेळी उत्तर निघतं, की एका सर्व्हरवर लोकल अ‍ॅडमिन पुरेसा आहे. तेवढाच द्या आणि अकाउंट टॅबवर 'अकाउंट एक्स्पायर्स'ची तारीख गाळप संपायच्या दिवसाची घाला. पुढच्या हंगामाला तारीख वाढवायची.

स्वतःसाठी दोन अकाउंट ठेवा. मेल, ब्राउझर, एक्सेल साध्या अकाउंटवर आणि डिरेक्टरीचं काम वेगळ्या अ‍ॅडमिन अकाउंटवर. अ‍ॅडमिन अकाउंटनं काट्यावरच्या कॉम्प्युटरवर किंवा क्लार्कच्या टेबलावर कधीही लॉगिन करू नका. तिथं व्हायरस असेल तर तुमची ओळख तो घेऊन जातो.

'प्रोटेक्टेड युजर्स' हा ग्रुप सर्व्हर २०१२ आर२ पासून मिळतो. अ‍ॅडमिन अकाउंट त्यात घातलं की लॉगिनची जुनी एनटीएलएम पद्धत त्याच्यासाठी बंद होते आणि तिकीट (लॉगिन झाल्याची ओळखचिठ्ठी) चार तासांचंच मिळतं. घालण्याआधी एका अकाउंटवर चाचणी घ्या. सर्व्हिस अकाउंट आणि कॉम्प्युटर यात घालू नका. आणि नेटवर्क बंद असताना या सदस्यांना साठवलेल्या ओळखीवर लॉगिन होत नाही, हे आपल्याकडच्या लाइटच्या तऱ्हा बघता आधीच माहीत असलेलं बरं.

४. उरलेले हक्क वाचा

ग्रुप रिकामे झाले म्हणजे काम झालं असं नाही. हक्क ऑब्जेक्टवर थेटही दिलेले असतात. यादीतला एकेक ऑब्जेक्ट घ्या, सिक्युरिटी टॅब, मग 'अ‍ॅडव्हान्स्ड', आणि ओळ न ओळ वाचा. 'फुल कंट्रोल', 'मॉडिफाय परमिशन्स', 'मॉडिफाय ओनर' आणि 'राइट ऑल प्रॉपर्टीज' हे चार शब्द कोणाच्या नावापुढे आहेत ते वहीत उतरवा.

याच खिडकीत वर 'ओनर' लिहिलेलं असतं. ते नक्की बघा. मालकाला त्या ऑब्जेक्टच्या परवानग्या बदलता येतात, यादीत त्याचं नाव नसलं तरी. जुन्या सहकाऱ्यानं हेल्पडेस्कच्या अकाउंटवरून ओयू बनवला असेल तर मालक ते अकाउंट. मालकी 'डोमेन अ‍ॅडमिन्स'कडे वळवा.

डोमेनच्या मूळ ऑब्जेक्टवर 'रेप्लिकेटिंग डिरेक्टरी चेंजेस ऑल' हा हक्क कोणाकडे आहे ते तपासा. ज्याच्याकडे तो आहे, त्याला सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डपासून बनवलेल्या गुप्त खुणा) मागवून घेता येतात, सर्व्हरला हातही न लावता. मेल क्लाऊडवर नेली असेल आणि पासवर्ड सिंक चालू असेल तर त्या सिंक अकाउंटकडे हा हक्क असतोच. ते अकाउंट आणि ज्या सर्व्हरवर ते चालतं तो सर्व्हर, दोन्ही डोमेन कंट्रोलरइतकेच जपा.

लोक 'डिनाय'वर फार भिस्त ठेवतात. वरच्या ओयूवर 'डिनाय' लावलं की खाली सगळं बंद, असं धरून चालतात. पण ऑब्जेक्टवर थेट दिलेली परवानगी ही वरून आलेल्या नकारापेक्षा आधी मोजली जाते. नवा युजर तयार होतो तेव्हा 'अकाउंट ऑपरेटर्स'ला त्याच्यावर थेट फुल कंट्रोल मिळालेला असतो. म्हणजे वर कितीही 'डिनाय' लावा, त्या ग्रुपमधला माणूस आत शिरतोच. दिलेला हक्क काढून घेणं हाच खरा उपाय.

मूळ ऑब्जेक्ट उघडलाच आहे तर 'अ‍ॅट्रिब्यूट एडिटर'मध्ये मशीन अकाउंट कोटा बघून घ्या. सुरुवातीला तो १० असतो, म्हणजे कोणताही साधा युजर दहा कॉम्प्युटर डोमेनमध्ये जोडू शकतो. शून्य करा आणि जोडायचं काम ठरावीक ग्रुपला द्या.

५. अ‍ॅडमिनएसडीहोल्डर समजून घ्या

ही पायरी सावकाश वाचा. इथली चूक महागात पडते.

मोठ्या हक्कांच्या ग्रुपना आणि त्यांच्या सदस्यांना विंडोज स्वतःहून जपतं. 'पीडीसी एम्युलेटर' ही भूमिका असलेला डोमेन कंट्रोलर दर ६० मिनिटांनी एक काम चालवतो. सिस्टिम कंटेनरमधल्या अ‍ॅडमिनएसडीहोल्डरवर ज्या परवानग्या आहेत, त्याच तो या सगळ्या ऑब्जेक्टवर उमटवतो आणि इनहेरिटन्स (वरच्या ओयूच्या परवानग्या खाली आपोआप लागू होणं) बंद करतो. अशा ऑब्जेक्टचं 'अ‍ॅडमिनकाउंट' १ झालेलं दिसतं.

प्रत्यक्षात घडतं असं. तुम्ही हेल्पडेस्कला एका ओयूवर पासवर्ड बदलायचा हक्क देता. सगळ्यांचा बदलता येतो, एकाचा येत नाही, कारण तो अजून एखाद्या अ‍ॅडमिन ग्रुपमध्ये आहे. कोणीतरी त्याच्यावर इनहेरिटन्स चालू करतो, तासाभरात ते पुन्हा बंद होतं. मग इंटरनेटवर वाचून कोणीतरी हेल्पडेस्कला थेट अ‍ॅडमिनएसडीहोल्डरवरच हक्क देतो. तक्रार मिटते. पण त्या क्षणापासून हेल्पडेस्क डोमेन अ‍ॅडमिनचाही पासवर्ड बदलू शकतो. हल्लेखोरही नेमकं हेच करतात. इथं एक ओळ घालून ठेवली की तुम्ही ग्रुपमधून त्यांना कितीही वेळा साफ केलं तरी तासाभरात हक्क परत उगवतो.

म्हणून अ‍ॅडमिनएसडीहोल्डरची सिक्युरिटी यादी वहीत पूर्ण उतरवून ठेवा. त्यात हेल्पडेस्क, व्हेंडर किंवा एखाद्या व्यक्तीचं नाव असेल तर कारण शोधा आणि काढा.

तक्रारीचा योग्य उपाय असा: तो युजर आता कोणत्याही अ‍ॅडमिन ग्रुपमध्ये नाही, ग्रुपमधल्या ग्रुपमधूनही नाही, याची खात्री करा. मग 'अ‍ॅडमिनकाउंट' रिकामं करा आणि त्याच्यावर इनहेरिटन्स चालू करा. ग्रुपमधून नाव काढल्यावर हे दोन्ही आपोआप पूर्ववत होत नाहीत.

६. डिलीट न होण्याची टिक

ऑब्जेक्ट टॅबवर 'प्रोटेक्ट ऑब्जेक्ट फ्रॉम अ‍ॅक्सिडेंटल डिलीशन'ची टिक सगळ्या ओयूंवर आणि यादीतल्या ग्रुपांवर लावा. ही टिक 'एव्हरीवन'ला डिलीट नाकारते, एवढंच. ओयूवर लावली म्हणून आतले युजर सुरक्षित होत नाहीत, सदस्य बदलणं थांबत नाही, आणि हक्क असलेला माणूस टिक काढून डिलीट करूच शकतो. ऑब्जेक्ट हलवताना 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर आधी हीच टिक बघा, आणि हलवून झाल्यावर परत लावा.

७. काम वाटून द्या, पण नेमकं

हेल्पडेस्कला पासवर्ड बदलायचा असतो आणि लॉक उघडायचं असतं. त्यासाठी ओयूवर राइट क्लिक करून 'डेलिगेट कंट्रोल' वापरा. हक्क व्यक्तीला न देता ग्रुपला द्या. अ‍ॅडमिन अकाउंट आणि सर्व्हिस अकाउंट वेगळ्या ओयूत ठेवा आणि तिथं हेल्पडेस्कला काहीही देऊ नका.

ग्रुप पॉलिसीचं वाटप इथंच तपासा. 'ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट'मध्ये प्रत्येक पॉलिसीचा 'डेलिगेशन' टॅब असतो. डोमेन कंट्रोलरवर लागू होणारी पॉलिसी ज्याला बदलता येते तो माणूस डोमेन अ‍ॅडमिनच आहे, त्याचं नाव कोणत्याही ग्रुपमध्ये असो वा नसो.

८. बदल दिसला पाहिजे

ऑडिट दोन ठिकाणी चालू करावं लागतं, आणि दुसरं ठिकाण बरेच जण विसरतात.

पहिलं, 'डोमेन कंट्रोलर्स' ओयूला जोडलेली एक नवी पॉलिसी करा. 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी'त 'डीएस अ‍ॅक्सेस'खाली 'डिरेक्टरी सर्व्हिस चेंजेस' आणि 'अकाउंट मॅनेजमेंट'खाली 'सिक्युरिटी ग्रुप मॅनेजमेंट' यांचं 'सक्सेस' चालू करा. दुसरं, ऑब्जेक्टच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' खिडकीत 'ऑडिटिंग' टॅबवर 'एव्हरीवन'साठी प्रॉपर्टीज लिहिणं, परवानग्या बदलणं, मालक बदलणं आणि डिलीट यांची नोंद मागा. हे दुसरं केलं नाही तर पॉलिसी चालू असूनही त्या ऑब्जेक्टच्या बदलाची ५१३६ ही नोंद येत नाही.

वाचायचे नंबर भिंतीवर लावून ठेवा:

- ५१३६ ऑब्जेक्ट बदलला, ५१३७ नवा झाला, ५१३९ हलवला, ५१४१ डिलीट झाला.
- ग्रुपमध्ये नाव घातलं: डोमेन अ‍ॅडमिन्ससारख्या ग्लोबल ग्रुपला ४७२८, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्ससारख्या लोकल ग्रुपला ४७३२, एंटरप्राइझ आणि स्कीमा अ‍ॅडमिन्सला ४७५६.
- ११०२ सिक्युरिटी लॉग पुसला. ही नोंद दिसली आणि तुम्ही लॉग पुसला नसेल, तर हातातलं काम बाजूला ठेवा.

ऑब्जेक्टची एखादी व्हॅल्यू बदलली की ५१३६ दोनदा येते, एक जुनी काढल्याची, एक नवी घातल्याची. त्यामुळे आधी काय होतं हेही कळतं. ज्या डोमेन कंट्रोलरवर बदल केला, नोंद त्याच्याच लॉगमध्ये असते, म्हणून दोन्ही सर्व्हर बघायचे. फसलेले प्रयत्न मात्र ५१३६ मध्ये येत नाहीत.

लॉगचा आकार वाढवा आणि 'इव्हेंट फॉरवर्डिंग'नं या नोंदी वेगळ्या कॉम्प्युटरवर पाठवा. तिथं रोजच्या अ‍ॅडमिन अकाउंटला लॉगिन नको, नाहीतर बदल करणाराच नोंदही पुसेल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतातच ठेवायचे आहेत, ठरवून दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या टाइम सर्व्हरशी जुळवायची आहेत. घड्याळाचा मुद्दा किरकोळ मानू नका. लाइट जाऊन-येऊन सर्व्हरची वेळ सरकली की पाच मिनिटांच्या पुढच्या फरकानं लॉगिन बंद पडतात, आणि नोंदींच्या वेळाही एकमेकींशी जुळत नाहीत. पीडीसी एम्युलेटरची वेळ नीट लावा, बाकीचे त्याच्याकडून घेतात.

९. स्वतः तपासून बघा

एक साधं टेस्ट अकाउंट घ्या. त्यानं काट्याच्या ओयूतला कॉम्प्युटर डिलीट करायचा प्रयत्न करा, ऊसबिलाच्या ग्रुपमध्ये स्वतःला घालून बघा. नकार आला पाहिजे. मग हेल्पडेस्कच्या अकाउंटनं अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलून बघा, तिथंही नकारच हवा. शेवटी तुमच्या अ‍ॅडमिन अकाउंटनं टेस्ट अकाउंट ऊसबिलाच्या ग्रुपमध्ये घाला आणि नोंद दुसऱ्या कॉम्प्युटरवर आली का ते बघून लगेच काढा. दर महिन्याला वहीतली यादी आणि आजचे सदस्य शेजारी ठेवून ताडून पाहा, खाली तारीख आणि सही.

१०. कोणी सोडून गेलं तर

अ‍ॅडमिन हक्क असलेला माणूस किंवा व्हेंडर गेला की त्याच दिवशी अकाउंट डिसेबल करा, डिलीट करू नका. त्याला माहीत असलेले सर्व्हिस अकाउंटचे आणि रिस्टोअर मोडचे पासवर्ड बदला. त्याच्या मालकीचे ऑब्जेक्ट आणि ग्रुप पॉलिसी शोधून मालकी वळवा.

त्याच्याकडे डोमेन अ‍ॅडमिन होता तर 'केआरबीटीजीटी'चा पासवर्डही दोनदा बदलावा लागतो, कारण हे अकाउंट मागचा पासवर्डही लक्षात ठेवतं. तुम्ही काहीही टाइप केलं तरी विंडोज स्वतःच नवा, लांबलचक पासवर्ड ठरवतं. पहिल्या बदलानंतर तो सगळ्या डोमेन कंट्रोलरवर पोचल्याची खात्री करा, तिकिटांची मुदत, म्हणजे किमान दहा तास, जाऊ द्या आणि मग दुसऱ्यांदा बदला. लागोपाठ दोनदा बदललात तर चालू तिकिटं तुटतात आणि सेवा बंद पडतात. गाळप चालू असेल आणि संशयाला जागा नसेल, तर हे काम काट्यावर गाड्यांची रांग नसेल अशा दिवशी घ्या.